ॲप-टॅक्सी आल्यावर रस्त्यावरचे अपघात वाढतात की घटतात?

सांख्यिक (धागाकर्ता)

मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी शहरात सुरू झाल्यावर अपघात, जखमी आणि मृत्यू यांच्या आकड्यांचं काय होतं, यावर बरंच संशोधन झालं आहे. गंमत अशी की निष्कर्ष तीन दिशांना तोंडं करून उभे आहेत.

बारिओस, हॉकबर्ग आणि यी यांनी अमेरिकेतल्या शहरांत ही सेवा कोणत्या तारखेला सुरू झाली ते घेऊन आधीचे आणि नंतरचे मृत्यू तपासले. अपघाती मृत्यू सुमारे ३ टक्क्यांनी वाढले, असं त्यांचं म्हणणं. अँडरसन आणि डेव्हिस यांनी २०२१ मध्ये उबरकडूनच भागवार फेऱ्यांची माहिती मिळवली. त्यांच्या हिशेबात दारूशी संबंधित मृत्यू ६.१ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू ४ टक्क्यांनी घटले. ब्राझील आणि कर्क यांनी २०१६ मध्ये सर्वांत जास्त लोकसंख्येच्या १०० महानगर प्रदेशांतल्या काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे भाग) घेतल्या, त्यांना काहीच फरक दिसला नाही.

देश एकच, मृत्यूंची सरकारी नोंदवहीसुद्धा एकच. मग उत्तरं तीन कशी?

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. ती फेरी कशाच्या बदली झाली, किती वाजता झाली आणि गाडी रिकामी किती फिरली, या तीन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय ‘एकूण परिणाम’ काढण्यात अर्थ नाही. ज्यांचा वाहतूक, विमा, गाड्यांची देखभाल यांच्याशी संबंध आहे त्यांनी सविस्तर लिहावं.

निशाचर

‘किती वाजता’ या मुद्द्याला अनुमोदन. अमेरिकेत २०१९ मध्ये मद्यधुंद चालकांच्या अपघातांत १०,१४२ माणसं गेली, म्हणजे एकूण मृत्यूंच्या २८ टक्के. हे मृत्यू दिवसभरात सारखे पसरलेले नसतात, रात्री आणि आठवड्याच्या शेवटी दाटतात. त्यामुळे तेवढ्या तासांत जरी काही लोकांनी स्वतःची गाडी सोडून दुसऱ्याची बोलावली, तरी आकडा हलतो.

ग्रीनवुड आणि वॉटल यांचा कॅलिफोर्नियावरचा अभ्यास (२०१७) मला यात सर्वांत उपयोगी वाटतो. स्वस्त ‘उबर एक्स’ आल्यावर दारूशी संबंधित अपघाती मृत्यू ३.६ ते ५.६ टक्क्यांनी कमी झाले. त्याच कंपनीच्या महागड्या ‘ब्लॅक’ गाड्यांचा परिणाम मात्र तुरळक, कुठे दिसला कुठे नाही. म्हणजे गाडी मिळणं पुरेसं नाही, ती परवडलीही पाहिजे. मध्यरात्री मागणी वाढली की भाडं दुप्पट-तिप्पट होतं, आणि नेमक्या त्याच वेळी प्यायलेला माणूस ‘जाऊ दे, घर जवळच आहे’ म्हणून किल्ली हातात घेतो.

पायवाट

निशाचर, रात्रीचं मान्य. पण अपघात म्हणजे फक्त मृत्यू नव्हेत.

मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार शहरं घेतली. तिथे उबर सुरू होऊन बंद पडली होती आणि मग परत आली, त्यामुळे तुलनेला चांगली संधी होती. पोर्टलँडमध्ये दारूशी संबंधित अपघात ६२ टक्क्यांनी कमी झाले, सॅन अँटोनियोत ४० टक्क्यांनी. रेनोमध्ये फरक नाही. आणि सगळे मिळून जखमी करणारे अपघात मोजले तर घट दिसतच नाही. दारूचे कमी होऊनही एकूण तेवढेच राहत असतील, तर दुसरीकडे कुठेतरी भर पडत असण्याची शक्यता धरावी लागते.

माझ्या मते ती भर पडते रस्त्याच्या कडेला. गाडी थांबते, दार उघडतं, प्रवासी रस्त्याच्या बाजूने उतरतो, मागून सायकल येते. किंवा गाडी सायकलच्या पट्ट्यात उभी राहते आणि सायकलस्वाराला मुख्य रस्त्यावर यावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी २०१७ मध्ये तीन महिन्यांच्या दंडाच्या नोंदी पालिकेपुढे ठेवल्या, त्यात शहराच्या मध्यभागातल्या वाहतूक-भंगांपैकी जवळपास दोन तृतीयांश ॲप-टॅक्सींचे होते. बस आणि सायकलचे पट्टे अडवणं हा त्यातला मोठा भाग.

रिकामी_सीट

आता रिकाम्या फेऱ्या. हिशेब सोपा आहे.

तुम्ही स्वतःची गाडी घेऊन ८ किमी गेलात, तर रस्त्यावर ८ किमी वाहतूक झाली. ॲप-टॅक्सी घेतलीत तर चालक आधीच्या प्रवाशाला सोडून पुढच्या विनंतीची वाट बघत समजा ३ किमी फिरला, तुम्हाला घ्यायला २ किमी आला, मग तुमचे ८. एकूण १३ किमी. प्रवासी तोच, वाहतूक ६० टक्क्यांहून जास्त वाढली.

हे प्रमाण मनातलं नाही. उबर आणि तिची स्पर्धक कंपनी लिफ्ट यांनी २०१९ मध्ये सल्लागारांकडून अमेरिकेतल्या सहा महानगरांचा अभ्यास करून घेतला. त्यात एकूण अंतराच्या ५४ ते ६२ टक्केच प्रवासी गाडीत होता. ९ ते १० टक्के घ्यायला येण्याचे, उरलेलं सुमारे एक तृतीयांश वाट बघत फिरण्याचं. डेन्व्हरच्या स्वतंत्र अभ्यासातही रिकामं अंतर ४०.८ टक्के निघालं.

त्यावर ‘कशाच्या बदली’ हा प्रश्न जोडा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या २०१७ च्या पाहणीत ४९ ते ६१ टक्के फेऱ्या अशा होत्या, की ॲप नसतं तर लोक चालत, सायकलने किंवा बस-रेल्वेने गेले असते, नाहीतर गेलेच नसते. बसमधला माणूस गाडीत आला की तो जास्त धोक्याच्या वाहनात आला, आणि रस्त्यावर एक गाडी वाढली ती वेगळीच.

अटकमटक

रिकामी_सीट, नावाला जागलात. :)

पण एक शंका आहे. त्याच सहा महानगरांच्या अभ्यासात या गाड्यांचा एकूण वाहतुकीतला वाटा १ ते ३ टक्केच आहे ना? मग सगळ्या शहराचे मृत्यू ३ टक्क्यांनी कसे वाढतील? या गाड्या इतरांच्या दुप्पट धोकादायक धरल्या तरी गणित जुळत नाही.

रिकामी_सीट

शंका योग्य आहे. १ ते ३ टक्के हा अख्ख्या महानगर प्रदेशाचा आकडा. गाभ्याच्या भागात तो खूप वर जातो, सॅन फ्रान्सिस्को काउंटीत १२.८ टक्के होता. आणि बारिओस आणि मंडळी फक्त या गाड्यांनी केलेले अपघात मोजत नाहीत, शहरातले सगळे मोजतात. त्यांनी सोबत वाहतुकीचं अंतर, कोंडीचे तास आणि नव्या गाड्यांची नोंदणी वाढल्याचंही दाखवलं. लोक हा धंदा करायला गाडी घेतात, आणि घेतलेली गाडी ॲप बंद असतानाही रस्त्यावर असतेच.

कोंडीबाबत सॅन फ्रान्सिस्कोचा २०१९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. २०१० ते २०१६ मध्ये कामाच्या दिवशी वाहनांचे वाया जाणारे तास ६२ टक्क्यांनी वाढले. ॲप-टॅक्सी नसत्या तर ते २२ टक्के वाढले असते, असं गणिती प्रतिमानाचं (मॉडेलचं) उत्तर.

पायवाट

पण कोंडीत वेग कमी होतो, म्हणजे मृत्यू कमी व्हायला हवेत. धडका वाढतील, पण त्या बंपर चेपणाऱ्या. पादचाऱ्याला २० च्या वेगाने लागलेली धडक आणि ५० च्या वेगाने लागलेली धडक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोंडीने मृत्यू वाढले हे मला पटत नाही.

सांख्यिक

पायवाट, म्हणूनच त्या ३ टक्क्यांकडे मी सावधपणे बघतो. शिवाय बारिओस आणि मंडळींना वाढ शनिवार-रविवारच्या रात्रीही दिसते, जिथे बाकीच्यांना घट दिसते. पद्धतीतल्या तीन अडचणी लिहितो, कारण सगळा तंटा तिथेच आहे.

पहिली, तारीख. ‘सेवा सुरू’ म्हणजे ० चं १ झालं, असं धरतात. पण पहिल्या महिन्यात शहरात वीस गाड्या असतील आणि तीन वर्षांनी पाच हजार. दोन्हींना १ च मिळतो. अँडरसन-डेव्हिस यांनी प्रत्यक्ष फेऱ्यांची संख्या वापरली आणि त्यांचं उत्तर उलटं आलं, याचं महत्त्वाचं कारण हे असावं.

दुसरी, काळ. अमेरिकेत २०१४ मध्ये ३२,७४४ अपघाती मृत्यू झाले, २०१६ मध्ये ३७,८०६. बहुतेक शहरांत ॲप-टॅक्सी पसरली ती याच सुमारास. पण त्याच काळात इंधन स्वस्त झालं आणि लोकांनी स्वतःच्याच गाड्या जास्त चालवल्या. उलट दाखला २०२० चा. महासाथीत ॲप-टॅक्सीच्या फेऱ्या कोसळल्या, तरी मृत्यू ३६,३५५ वरून ३९,००७ वर गेले, कारण मोकळ्या रस्त्यांवर वेग वाढला. एकट्या आलेखावरून काहीही सिद्ध करता येतं ते असं.

तिसरी, तुलनेची शहरं. सेवा टप्प्याटप्प्याने पसरली तेव्हा उशिरा आलेल्या शहरांची तुलना आधी आलेल्यांशी होते. पण आधीच्या शहरांत परिणाम अजून वाढतच असतो, ती स्थिर मोजपट्टी नसते. त्यामुळे सरासरीत चिन्हसुद्धा बदलू शकतं, म्हणजे घट असताना वाढ दिसू शकते किंवा उलट. ही चूक गुडमन-बेकन यांनी २०२१ मध्ये नीट मांडून दाखवली, त्याआधीचे बरेच अभ्यास जुन्याच पद्धतीचे आहेत.

गॅरेज_गुरुजी

आकडेमोडीत गाडी मागे राहिली, म्हणून लिहितो.

घरगुती गाडी वर्षाला १२–१५ हजार किमी चालते. दिवसभर ॲपवर असलेली गाडी ५०–७० हजार सहज करते. म्हणजे ‘वर्षातून एकदा सर्व्हिसिंग’ हा हिशेब तिला लागूच होत नाही, सगळं किलोमीटरवर बघावं लागतं. नेमकं काय जातं ते सांगतो.

टायर: कायद्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी १.६ मिमी नक्षी. पण ३ मिमीच्या खाली गेलं की ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि थांबायचं अंतर वाढू लागतं. शहरात सतत वळणं आणि फुटपाथला घासणं असल्याने पुढच्या टायरांचे खांदे आधी झिजतात. मधली नक्षी बघून फसू नये, कडेची बघावी. हवा टायर थंड असताना तपासायची आणि आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून घ्यायचा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते.

ब्रेक: पॅडचं अस्तर ३ मिमीवर आलं की बदलावं. धर-सोड वाहतुकीत पॅड लांबच्या प्रवासापेक्षा कितीतरी लवकर संपतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. उतारावर किंवा सलग ब्रेक मारताना त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसतं. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली तरी.

आणि जे कोणी बघत नाही ते: मागच्या सीटवर चढवलेलं कव्हर. बेल्टची कुलपं त्याखाली गाडली जातात, मग मागे बेल्ट लागणार कुठून? सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर पुढच्या सीटचं घट्ट कव्हर ती फुगण्याच्या आड येतं. कव्हर काढायचं किंवा एअरबॅगसाठी शिवण मोकळी ठेवलेलं घ्यायचं.

न्यायासाठी उलट बाजूही सांगतो. कंपन्या ठरावीक वयापेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. त्यामुळे या गाड्या एकूण ताफ्यापेक्षा नव्या असतात आणि एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्थिरता-नियंत्रण, जास्त एअरबॅगा त्यांत असण्याची शक्यता अधिक.

बेल्ट_लावा

गुरुजी, सीट कव्हरबद्दल धन्यवाद. धागा इथपर्यंत येईतो बेल्टचा उल्लेख नव्हता, याचंच वाईट वाटत होतं.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये लोकांना विचारलं. स्वतःच्या गाडीत मागे बसताना नेहमी बेल्ट लावतो म्हणणारे ७४ टक्के. भाड्याच्या गाडीत तेच ५७ टक्के. ‘जवळच तर जायचंय’ आणि ‘मागे सुरक्षितच असतं’ ही नेहमीची कारणं.

५० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. त्या वेगाने आदळणं हे सुमारे १० मीटर उंचीवरून पडण्याइतकं आहे, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. मागचा बिनबेल्टचा प्रवासी पुढच्या सीटवर आपटतो आणि बेल्ट लावलेल्या चालकालाही चिरडतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मागच्या बेल्टने मृत्यू आणि गंभीर इजा २५ टक्क्यांपर्यंत कमी होतात, आणि पुढच्या बेल्टने पुढे बसणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी.

पाठीवरची पिशवी काढून बसा. पट्टा खांद्याच्या मध्यावरून जाऊ द्या, काखेखालून नको, आणि कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसवा. कुलूप सापडत नसेल तर गाडी हलण्यापूर्वी चालकाला सांगा. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं.

लघुकोन

फोनबद्दल. या धंद्यात फोन हेच कामाचं हत्यार आहे, त्यामुळे ‘गाडी चालवताना फोन नको’ हा सल्ला चालकाला देऊन उपयोग नाही. नवी विनंती येते तेव्हा काही सेकंदांत हो-नाही ठरवायचं असतं, त्यात भाडं, अंतर, दिशा सगळं वाचायचं. ५० च्या वेगाला दोन सेकंद नजर खाली गेली की २८ मीटर आंधळे गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत गाडीतल्या पडद्यासाठी एका नजरेला २ सेकंद आणि एका कामाला एकूण १२ सेकंद ही कमाल मर्यादा आहे. अनोळखी पत्ता, प्रवाशाचा फोन आणि नवी विनंती एकदम आले की ती केव्हाच ओलांडली जाते.

फोन कुठे लावला आहे यानेही फरक पडतो. स्टिअरिंगच्या जवळ, डॅशबोर्डच्या वरच्या कडेला, पण काचेतून दिसणारा रस्ता न झाकता. गिअरजवळच्या खाचेत ठेवलेला फोन सर्वांत वाईट, मान खाली जाते. एअरबॅगच्या झाकणावर स्टँड कधीही चिकटवू नये, एअरबॅग उघडली की तो स्टँड तोंडावर येतो.

खरा उपाय ॲप बनवणाऱ्यांच्या हातात आहे. गाडी चालू असताना विनंती दाखवूच नये, किंवा आवाजाने विचारावं, आणि नाकारल्यास चालकाच्या गुणांवर परिणाम होऊ नये.

दोन_झोपा

लघुकोन, शेवटच्या वाक्याला माझं दुप्पट अनुमोदन. थकव्याचं मूळही तिथेच आहे: प्रोत्साहन-रक्कम ‘अमुक फेऱ्या पूर्ण करा’ या अटीवर असते आणि माणूस शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी डोळे ताणून बसतो.

सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिक्रिया इतकी मंदावते, की ती रक्तातल्या ०.०५ टक्के अल्कोहोलच्या बरोबरीला येते, हे विल्यमसन आणि फेयर यांनी २००० मध्ये दाखवलं. म्हणजे प्यायलेल्याला घरी सोडणारा चालक पहाटे तीनला स्वतः कोणत्या अवस्थेत आहे, हे निशाचर यांनी हिशेबात धरायला हवं.

नियम आहेत. उबरने २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये १० तासांनंतर ६ तासांची सक्तीची विश्रांती आणली, अमेरिकेत १२ तासांनंतर ६. न्यूयॉर्कच्या टॅक्सी आयोगाचा नियम चोवीस तासांत प्रवाशासह १० तास आणि आठवड्याला ६० तास असा आहे. भारताच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला १२ तासांची मर्यादा होती.

कंपनीच्या मर्यादेत दोन भोकं. एक ॲप बंद झालं की चालक दुसरं उघडतो, म्हणून मर्यादा कंपनीगणिक न ठेवता परवान्यागणिक मोजायला हवी. आणि जो दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी ॲप सुरू करतो, त्याचे आधीचे आठ-नऊ तास कुठल्याच ॲपला दिसत नाहीत.

निशाचर

दोन_झोपा, मुद्दा मान्य, तो माझ्या लिहिण्यात नव्हता. तरीही प्यायलेला चालक आणि थकलेला चालक यांतून निवडायचं तर आकडे पहिल्याला रस्त्यावरून हटवण्याच्याच बाजूने आहेत. ह्यूस्टनमध्ये २०१४ ला उबर आल्यावर शुक्रवार-शनिवारच्या रात्री ट्रॉमा केंद्रांत (गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांत) येणाऱ्या वाहन-अपघातग्रस्तांचं प्रमाण २३.८ टक्क्यांनी उतरलं. २०२१ मध्ये हा अभ्यास शस्त्रक्रियेच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. हे पोलिसांच्या कागदावरचे नव्हे, रुग्णालयात दाखल झालेले लोक आहेत.

तिठा

कंपनीचा स्वतःचा सुरक्षा अहवाल कोणी घेतला नाही अजून? उबरच्या अमेरिकेतल्या पहिल्या अहवालात २०१७–१८ या दोन वर्षांत २.३ अब्ज फेऱ्या, ९७ प्राणघातक अपघात, १०७ मृत्यू. दर मैलामागे हा दर राष्ट्रीय सरासरीच्या जवळपास निम्मा. यावरून तर विषय संपायला हवा.

दावा_क्रमांक

तिठा, त्या निम्म्यावर दोन प्रश्न आहेत.

राष्ट्रीय सरासरीत ग्रामीण महामार्ग येतात. तिथे वेग जास्त, मदत लांब, मृत्यूदर जास्त. ॲप-टॅक्सी शहरात कमी वेगाने चालते. तुलना शहरी रस्त्यांशी व्हायला हवी.

दुसरा प्रश्न माझ्या विमा क्षेत्रातला. चालकाचा वेळ तीन टप्प्यांत मोडतात. पहिला: ॲप चालू, विनंती नाही. दुसरा: विनंती घेतली, प्रवाशाकडे निघाला. तिसरा: प्रवासी गाडीत. अहवालातले अपघात दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याचे आहेत. पहिला टप्पा, म्हणजे रिकामी_सीट यांनी सांगितलेलं एक तृतीयांश अंतर, त्यात नाही.

विम्यातही तोच टप्पा कच्चा. घरगुती विमा कंपनी म्हणते ‘गाडी धंद्यात होती’, ॲप कंपनी म्हणते ‘आमची फेरी चालू नव्हती’. २०१३ च्या ३१ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत विनंतीची वाट बघणाऱ्या चालकाच्या गाडीखाली एक पादचारी मूल गेलं, त्यानंतर ही फट सगळ्यांना दिसली. कॅलिफोर्नियाने जुलै २०१५ पासून पहिल्या टप्प्यासाठी किमान संरक्षण ठरवलं: एका जखमीसाठी ५० हजार डॉलर, एका अपघातातल्या सर्व जखमींसाठी १ लाख, मालमत्तेसाठी ३० हजार. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यासाठी १० लाख डॉलर. ज्याला धडक बसली त्याची इजा तीच, पण पडद्यावर विनंती आली होती की नाही यावर भरपाईची मर्यादा दहापटीने बदलते.

कडबोळं

अपघात झालाच तर प्रवाशाने नेमकं काय करायचं, हे कोणी सांगेल का?

दावा_क्रमांक

आधी जीव. मागून येणाऱ्या वाहतुकीतून बाजूला व्हा, पण मान दुखत असेल, हात-पायाला मुंग्या येत असतील तर हलू नका, मदत येऊ द्या.

मग पुरावा. फेरीच्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या: वेळ, मार्ग, गाडीचा क्रमांक, फेरीची स्थिती. फेरी रद्द किंवा बंद झाल्यावर तो तपशील बदललेला दिसतो आणि टप्प्यावरून वाद होतो. दोन्ही गाड्यांचे चारी बाजूंनी फोटो, घसरल्याच्या खुणा, सिग्नल, साक्षीदारांचे नंबर. डॅशकॅम असेल तर चालकाला फिल्म जपून ठेवायला सांगा, कारण तो जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातो. पोलिसांत नोंद करताना ‘ॲपवरून घेतलेली गाडी, प्रवासी आत’ हे शब्द लिहूनच घ्या.

आणि ‘मला काही झालं नाही’ असं तिथल्या तिथे म्हणू नका. मानेला हिसका बसला असेल तर दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून कागद करून ठेवा.

मधली_सुट्टी

आणि लहान मूल सोबत असेल तर? मांडीवर घेऊन बेल्ट दोघांभोवती घ्यावा का?

बेल्ट_लावा

अजिबात नको. धडकेत तुमचं सगळं वजन मुलावर येतं आणि बेल्ट ते दाबून धरतो. नुसतं मांडीवर घेतलं तर हातातून सुटतं, कितीही घट्ट धरलं तरी. बाळाची आसंदी (गाडीत बांधायची खुर्ची, कार-सीट) स्वतःची न्यावी. गाडीच्या बेल्टने बांधता येणारी, स्वतंत्र तळ न लागणारी आसंदी अशा प्रवासाला सोयीची. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या दिशेला, बेल्ट आसंदीच्या खाचांतून ओढून घट्ट, आणि बांधल्यावर ती बुडाशी २–३ सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. अमेरिकेच्या सुरक्षा खात्याच्या हिशेबात नीट बांधलेल्या आसंदीने एका वर्षाखालच्या मुलांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो.

अटकमटक

चालकाविना गाड्या आल्या की थकवा, दारू, फोन सगळंच मिटेल ना?

लघुकोन

तो वेगळ्या धाग्याचा विषय, पण एक गोष्ट इथे लिहितो. १८ मार्च २०१८ ला ॲरिझोनातल्या टेम्पीमध्ये उबरच्या चाचणीच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला ठार केलं. चौकशीत निघालं की यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण ती काय आहे हे ठरवण्यात वेळ गेला. गाडीत मूळचा आपत्कालीन ब्रेक होता, तो स्वयंचलित चाचणीत बंद ठेवला होता. देखरेखीला बसवलेल्या व्यक्तीची नजर फोनवर होती.

पायवाट

मूळ प्रश्नाकडे परत येते. ब्रिटनचा अभ्यास बहुधा सगळं जोडतो. कर्क, कावाली आणि ब्राझील यांनी २०२० मध्ये ग्रेट ब्रिटनचे आकडे इजेच्या तीव्रतेप्रमाणे वेगळे केले. उबर आल्यावर गंभीर जखमी सुमारे ९ टक्क्यांनी घटले. मृत्यूंत फरक नाही. आणि लंडनमध्ये किरकोळ जखमी वाढले.

म्हणजे निशाचर आणि मी, दोघंही एकाच शहराकडे बघत होतो. रात्रीची भीषण धडक कमी होते, दिवसा दाट वस्तीत थांबणं-वळणं-दार उघडणं यातली छोटी इजा वाढते. गंभीर इजा मोजणारा ‘घटले’ म्हणतो, किरकोळ इजा मोजणारा ‘वाढले’ म्हणतो. कोंडीच्या वेगाबद्दल मी वर जे लिहिलं तेही यात बसतं.

निशाचर

पायवाट, हे पटलं. फक्त ‘किरकोळ’ शब्द जपून वापरू या. पोलिसांच्या नोंदीत मुरगळणं-लचकणंही किरकोळातच धरतात. मनगटाचं दुखणं वर्षभर काढणारा सायकलस्वारही त्यातच येतो.

सांख्यिक

पायवाट, धाग्याला हेच हवं होतं. माझ्या मूळ तीन गोष्टींत चौथी घालतो: कोणत्या तीव्रतेची इजा मोजताय.

आता ज्यांचं शहराच्या वाहतूक विभागात किंवा नियोजनात काम आहे त्यांना विचारतो. कंपन्यांकडून कोणती माहिती मागितली तर हा प्रश्न आपल्या शहरापुरता सोडवता येईल?

रिकामी_सीट

तीन टप्प्यांचं अंतर वेगवेगळं, दर तासाचं आणि भागवार. चढण्या-उतरण्याच्या जागा, प्रवाशाची ओळख पटू नये म्हणून जवळच्या चौकापर्यंत गोळा केलेल्या. जोरात ब्रेक मारल्याच्या नोंदी जागेसह, कारण त्यावरून अपघात होण्याआधीच वाईट ठिकाणं कळतात. परवान्यागणिक सगळ्या ॲपचे मिळून चालवण्याचे तास.

जिथे चढ-उतार दाटतो तिथे कडेला ठरावीक थांबे आखायचे आणि ॲपमध्ये दुसरीकडे थांबण्याचा पर्यायच बंद करायचा. हे पालिकेला रंग आणि एका पत्रात करता येतं.

दावा_क्रमांक

आणि पोलिसांच्या अपघात-अर्जात एक रकाना: ॲप चालू होतं का, आणि असल्यास कोणता टप्पा. अनेक ठिकाणच्या अर्जांत तो नाही, म्हणून संशोधकांना तारखांवरून अंदाज बांधावे लागतात. टप्प्याची वेळ सेकंदापर्यंत कंपनीच्या सर्व्हरवर असते. अपघाताची वेळ आणि गाडीचा क्रमांक देऊन ती मागवायची आणि त्या रकान्यात भरायची.

सांख्यिक

हा रकाना मसुद्यासह वेगळ्या प्रतिसादात द्याल का? अर्जाचा नमुना बदलायची सूचना पाठवायची तर तयार शब्द हाताशी हवेत.

दावा_क्रमांक

देतो. रकाना १: वाहन भाड्याच्या ॲपवर नोंदलेले आहे का (हो / नाही / माहीत नाही). रकाना २: अपघाताच्या क्षणी ॲपची स्थिती (बंद / चालू, विनंती नाही / प्रवाशाकडे जात होते / प्रवासी आत / प्रवासी चढत किंवा उतरत होता). शेवटचा पर्याय पायवाट यांच्या दारासाठी मुद्दाम घातला आहे. रकाना ३: फेरीचा क्रमांक. रकाना ४: एकापेक्षा जास्त ॲप चालू असल्यास प्रत्येकाचं नाव.